फोन लागत नाही : कॅनिंगच्या हंगामातले तीन दिवस

मे महिन्याचा दुसरा आठवडा, बुधवार, सकाळचे सव्वानऊ. रत्नागिरीजवळच्या एका आंबा प्रक्रिया कारखान्याच्या मॅनेजर साहेबांचा फोन आला, तोही त्यांच्या खासगी मोबाइलवरून. "अहो, आमचे फोन लागत नाहीत. सोमवारपासून. लाइनवाल्यांचा माणूस येऊन गेला, तो म्हणतो लाइन ओके आहे."

दोघंही खरं बोलत होते. लाइन ओके होती आणि फोन लागत नव्हते.

"फोन लागत नाही" या आपल्या वाक्प्रयोगात काय काय मावतं बघा. नंबर फिरवला आणि काहीच झालं नाही, तरी फोन लागत नाही. एंगेज आला, तरी लागत नाही. रिंग वाजून वाजून थांबली, तरी लागत नाही. समोरच्याने उचलला पण आवाजच आला नाही, तरीही म्हणताना आपण "लागला नाही" असंच म्हणतो. घरच्या फोनला हे चालून जातं. पण जिथे एकाच वेळी तीस संभाषणं नेणारी तीस चॅनलची पीआरआय लाइन, तिच्यामागे ती आतल्या नेटवर्कला जोडणारा गेटवे, त्याच्यामागे आतले कॉल वाटणारा आयपी-पीबीएक्स आणि शेवटी साठेक टेबलांवरचे फोन अशी साखळी असते, तिथे या एका वाक्याच्या पोटात चार वेगळे रोग सुखाने नांदू शकतात. इथे नांदत होतेच.

ज्यांना कोकणातला मे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेटीत जाणारा चांगला हापूस या सुमाराला संपत येतो. उरलेला बारीक, डागी, झाडावरच पिकायला आलेला माल कॅनिंगला जातो, किलोच्या भावाने. हा भाव रोज बदलतो. त्यामुळे पहाटेपासून बागायतदारांचे फोन सुरू होतात: आज दर काय, टेम्पोची रांग किती, क्रेट परत मिळतील का. दुसऱ्या बाजूने कारखान्याचे लोक टेम्पोवाल्यांना, बर्फवाल्यांना, वाशी मार्केटला फोन लावत असतात. फोन दोन तास बंद पडला तर माल दुसऱ्या कारखान्याच्या दारात उभा राहतो. झाडावरून उतरलेला आंबा कोणाची वाट बघत नाही.

रविवारी रात्री वळीव झाला होता. विजा कडाडल्या, तीन-चार वेळा लाइट गेली-आली आणि सकाळी लाइनवाल्यांचा भिंतीवरचा डबा, म्हणजे फायबर येऊन जिथे आमच्यासाठी ई-वन, म्हणजे त्या पीआरआय लाइनचा, पोर्ट निघतो तो मक्स, जळलेला सापडला. यात आश्चर्य नव्हतं. जांभ्या दगडाच्या जमिनीत मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा इतका कोरडा पडतो की वीज जमिनीत जाण्याऐवजी सोयीची दुसरी वाट शोधते. मीठ-कोळसा भरून खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी ओता, असं मी दर वर्षी सांगतो. पहिला आठवडा ओततात. असो. सोमवारी दुपारी डबा बदलून मिळाला, हिरवा दिवा लागला आणि त्या क्षणापासून तक्रारी सुरू झाल्या.

कानाला काय ऐकू आलं?

मी गेल्या गेल्या राउटरला हात लावत नाही, हातात वही घेऊन टेबलाटेबलावर फिरतो. प्रश्न एकच: "फोन लावल्यावर कानाला नक्की काय ऐकू आलं?" काय झालं असं विचारलं की लोक निदान सांगतात, काय ऐकू आलं असं विचारलं की लक्षण सांगतात.

रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, "बाहेर लावला की टूं-टूं-टूं. पण सकाळी आठला मस्त लागतो. दहा-साडेदहानंतर नाटकं. परत परत लावला की एखाद वेळी लागतोही."

खरेदीतले दादा वैतागलेलेच होते. "आमचं जाणारं ठीक आहे एक वेळ. येणारं बघा. बागायतदार माझ्या मोबाइलवर शिव्या घालतात. म्हणे, तुमचा नंबर लावला की रिंग वाजतच नाही, नुसता टूंऽऽऽ असा लांब आवाज. फोन उचलून ठेवल्यासारखा."

अकाउंट्समध्ये तिसरीच कथा. फोन लागतो, पण बोलताना मध्येच टक्‌ टक्‌ होतं, भातात खडा लागावा तसं. आणि मुंबईच्या क्लिअरिंग एजंटकडचा फॅक्स दुसऱ्या पानावर मरतो. (फॅक्स अजून कोण वापरतं, असं विचारू नका. क्लिअरिंग एजंट वापरतात.)

चौथी तक्रार देवगडच्या खरेदी केंद्रावरच्या काकांची. ते म्हणाले, "वजनकाट्यार लागता, पण कोण उचलणा नाय." देवगडचा फोन व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधल्या खासगी वाटेने, थेट एक्स्टेन्शनवर येतो, पीआरआय आणि गेटवे त्याच्या वाटेत नाहीतच. म्हणून मी ही ओळ वहीत लिहिली आणि तिच्यावर काट मारली.

कारखान्याच्या आयटीतल्या मुलाचा स्वतःचा एक अंदाज होता: शून्याचा घोळ. तो अगदीच हवेतला नव्हता. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं, तेव्हा याच कारखान्यात सकाळी एकही मोबाइल लागेना आणि आम्ही गेटवेवर शून्य चिकटवण्याचा नियम घातला होता. नवीन डबा आल्यावर तो नियम कुठेतरी उडाला असेल, असं त्याला वाटत होतं. पण नियम आमच्या गेटवेवर आहे, जळला तो त्यांचा डबा. शिवाय शून्य नसतं तर सकाळी आठलाही फोन लागला नसता. घड्याळ बघून वागणारा बिघाड बहुतेक वेळा गर्दीशी बांधलेला असतो.

खालून वर

ई-वन म्हणजे सेकंदाला २.०४८ मेगाबिटचा नळ, त्याचे ३२ कप्पे. शून्य नंबरचा कप्पा फ्रेम जुळवायला, सोळावा सिग्नलिंगला आणि उरलेल्या तिसांतून माणसं बोलतात. म्हणून चॅनलची मोजणी १ ते १५ आणि मग एकदम १७ ते ३१ अशी जाते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेटवे सिस्कोचा, २८०० मालिकेतला, १२.४ आवृत्तीचं सॉफ्टवेअर. म्हातारा आहे, पण भरवशाचा. आधी "शो कंट्रोलर्स ई-वन": लाइन अप, अलार्म नाही, पण खाली स्लिप सेकंद नावाच्या रकान्यात आकडा चढत होता. त्यावर खूण करून पुढे गेलो. मग "शो आयएसडीएन स्टेटस": दुसऱ्या थरावर, म्हणजे सिग्नलिंगच्या जोडणीवर, "मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड". म्हणजे सोळाव्या कप्प्यातून एक्स्चेंज आणि गेटवे एकमेकांशी व्यवस्थित बोलत होते. लाइनवाल्यांचा माणूस इथपर्यंत बघून "ओके" म्हणून गेला होता. तो चुकला नव्हता. रस्ता चालू आहे इतकंच त्याने सांगितलं होतं, गाड्या मुक्कामाला पोचतात की नाही हा त्याचा प्रश्न नव्हता.

आता तिसरा थर, म्हणजे प्रत्येक कॉलचे संदेश. ते दाखवणारं "डीबग आयएसडीएन क्यू९३१" लावायचं, पण हंगामातल्या चालू गेटवेवर ते तसंच लावायचं नसतं. आधी कन्सोलवरचं लॉगिंग बंद, सगळं बफरमध्ये, वेळेची नोंद मिलिसेकंदापर्यंत. कन्सोलवर धबधबा सोडला की राउटर बिचारा अक्षरं छापत बसतो आणि चालू असलेले कॉलही मरतात. हे मी माझ्या पहिल्या नोकरीत करून दाखवलेलं आहे.

दुपारऐवजी मुद्दाम अकराची वेळ धरली, कारण ताईंच्या म्हणण्याप्रमाणे नाटकं तेव्हाच होतात. माझ्या मोबाइलवर टेस्ट कॉल लावायला लागलो. पहिले काही लागले. मग एक फसला. बफर उघडला तर सेटअप, म्हणजे कॉल मागणाऱ्या, संदेशात चॅनलची ओळख "ए९८३९१" अशी होती आणि लगेच पलीकडून रिलीज कम्प्लीट, म्हणजे कॉल तोडल्याचा निरोप, आलेलं, कारणाच्या जागी "८२एसी".

हे चार-सहा आकडे वाचता आले की निम्मं काम झालं. चॅनलच्या ओळखीतले शेवटचे दोन, ९१, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या मोजणीत, आहेत. त्यातून ८० वजा केले की ११ उरतात, म्हणजे आपल्या मोजणीत १७. "ए९" सांगतो की हाच चॅनल हवा, बदलून चालणार नाही. कारणातला ८२ हा "कोणी कापला" याचं उत्तर: स्थानिक ग्राहकाला सेवा देणारं सार्वजनिक नेटवर्क, म्हणजे लाइनवाल्यांचं एक्स्चेंज. आमचा गेटवे नाही, माझा मोबाइलही नाही. आणि एसीतून ८० गेले की २सी, म्हणजे ४४. कॉल तुटण्याच्या कारणांच्या क्यू.८५० या यादीत ४४ म्हणजे मागितलेला चॅनल उपलब्ध नाही. त्याचा सख्खा शेजारी वाटणारा ३४ वेगळा: तिथे कुठलाच चॅनल मोकळा नाही. १७ म्हणजे समोरचा खरंच एंगेज, १ म्हणजे असा नंबरच नाही, १६ म्हणजे कोणीतरी साधेपणाने फोन ठेवला. ताईंच्या कानाला मात्र ४४, ३४ आणि १७ तिन्ही "टूं-टूं-टूं"च.

अर्ध्या तासात फसलेले अकरा कॉल गोळा केले. अकराही चॅनल १७ वर. पहिला विचार आला तो हाच, की १७ नंबरचा चॅनल मेलाय. पण एका चॅनलसाठी एवढी बोंब होत नाही. म्हणून १७ गेटवेवरच सेवेबाहेर काढला आणि परत कॉल लावले. आता कॉल १८ वर मरायला लागले. १८ काढला, १९ वर मेले. मग थेट शेवटचा ३१ तपासला. तोही तसाच.

चित्र स्पष्ट झालं. आमचा गेटवे खालून वर चॅनल वाटतो. कोणीतरी पूर्वी तशी आज्ञा घातलेली आहे, नाहीतर हा मुळात वरून खाली उतरतो. १ ते १५ मोकळे असतात तोवर सगळं गोड. सोळावा कॉल आला की तो १७ वर जातो आणि तिथे पलीकडे कोणी नाही. नवीन डब्यामागचा पोर्ट पंधरा चॅनलचाच उघडलेला होता. कारखाना तिसांचे पैसे भरत होता. आणि गेटवे जर आपल्या मूळ सवयीप्रमाणे वरून वाटत असता तर पहिलाच कॉल ३१ वर जाऊन मेला असता, सोमवारी दुपारीच सगळं बंद पडलं असतं आणि लाइनवाल्यांचा माणूस जिना उतरायच्या आत परत चढला असता. कुणाच्या तरी जुन्या आज्ञेने बिघाड दोन दिवस अर्धवट झाकून ठेवला.

अर्धे चॅनल गेले म्हणजे अर्धी सोय गेली असं वाटतं, पण ते तसं नसतं. डेन्मार्कच्या अर्लांग या गणितज्ञाने १९१७ मध्ये मांडलेलं सूत्र आजही याच कामाला येतं. शंभरातला एकच कॉल नाकारला जावा अशी अट घातली तर तीस चॅनल सुमारे २०.३ अर्लांगचा बोजा पेलतात, पंधरा मात्र जेमतेम ८.१ चा. (एक अर्लांग म्हणजे एक चॅनल सतत भरलेला.) सरासरी तीन मिनिटांचा कॉल धरला तर तासाला चारशेहून अधिक कॉल विरुद्ध एकशे साठ. या कारखान्याचा हंगामातला अकराचा तास तासाला २४० कॉलच्या आसपास असतो, म्हणजे १२ अर्लांग. तिसांत तो ओळखूही येत नाही. पंधरांत टाकला की साडेआठ टक्के, बारातला एक कॉल नाकारला जातो. "परत परत लावला की लागतो" हे ताईंचं वाक्य सूत्रात इतकं चपखल बसलं की मी ते त्यांना दाखवलं. त्यांना फारसं कौतुक वाटलं नाही.

लाइनवाल्यांना ईमेल लिहिलं ते सहा ओळींचं. कॉलची वेळ सेकंदासकट, चॅनल नंबर, दिशा, कारण ४४, कारणाचं ठिकाण त्यांचं नेटवर्क, आणि शेवटी: "चॅनल १७ ते ३१ तुमच्या पोर्टवर उघडलेले आहेत का, एवढंच बघा." "फोन लागत नाही" असा एक शब्द त्यात नव्हता. फोनवरच्या पहिल्या मुलीने तरीही मोडेम बंद-चालू करून बघायला सांगितलं. पण ईमेल वरच्या टेबलावर गेलं आणि तीन तासांनी चॅनल उघडले. तोवर मी १७ ते ३१ सगळे सेवेबाहेर ठेवले. याचा फायदा असा, की सोळाव्या कॉलला आता आमचा गेटवेच ३४ देत होता, सिप, म्हणजे आयपी फोनच्या, भाषेत ५०३, आणि पीबीएक्स तो कॉल लगेच चार सिमकार्डांच्या जीएसएम गेटवेकडे वळवत होता.

तो लांब टूंऽऽऽ

येणाऱ्या कॉलचं प्रकरण वेगळं आणि जास्त गमतीचं. माझ्या मोबाइलवरून खरेदीचा नंबर लावला. खरंच रिंग नाही. क्षणभर शांतता आणि कानात शुद्ध डायल टोन. माझ्या मोबाइलवर मिनिटंही मोजली जायला लागली, म्हणजे कॉल उचलला गेला होता. कोणी उचलला? गेटवेने स्वतः.

इथे माझी जुनी वही कामाला आली. कुठलीही जागा नीट चालू करून दिली की एका चांगल्या येणाऱ्या आणि एका चांगल्या जाणाऱ्या कॉलचं डीबग मी जपून ठेवतो. दोन वर्षांपूर्वीच्या चांगल्या कॉलमध्ये लागलेला नंबर सहा आकडी होता, त्याचा प्रकार "सी१", म्हणजे स्थानिक ग्राहक क्रमांक. आजच्या कॉलमध्ये तोच नंबर दहा आकडी, सुरुवातीला रत्नागिरीचा २३५२, आणि प्रकार "ए१", म्हणजे राष्ट्रीय. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. नव्या पोर्टवर लाइनवाल्यांनी त्यांचा नेहमीचा साचा ओतला होता, आमच्यासाठी पूर्वी केलेली खास मांडणी जुन्या डब्याबरोबर गेली.

आता गेटवे काय करतो ते बघा. बाहेरून कॉल आला की तो आधी येणाऱ्या कॉलसाठीचा डायल-पीअर, म्हणजे कुठला कॉल कसा घ्यायचा हे सांगणारा नियम, शोधतो. लागलेल्या नंबराशी जुळणारा मिळतो का. नाही तर लावणाऱ्याच्या नंबराशी. नाही तर जाणाऱ्या कॉलचा नमुना जुळतो का. तेही नाही तर ज्या पोर्टवरून आला तो पोर्ट ज्याच्यावर लिहिलाय असा कोणीही. आमचा येणाऱ्यांसाठीचा डायल-पीअर सहा आकडी गठ्ठ्यावर बांधलेला, २३ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर त्याच्या ओळखीचा नव्हता. तेव्हा घसरत घसरत कॉल शेवटच्या पायरीवर गेला आणि त्याच पोर्टचा, पण जाणाऱ्या कॉलसाठी बनवलेला डायल-पीअर गळ्यात पडला. त्याच्यावर थेट आत सोडण्याची, डीआयडीची आज्ञा नाही. या जुन्या सॉफ्टवेअरची समजूत अशी, की डीआयडी नसेल तर पाहुण्याला डायल टोन द्यावा आणि पुढचा नंबर त्यालाच विचारावा. १५.१(२)टी या आवृत्तीपासून ही पाहुणचाराची रीत मुळातच बंद केली गेली.

बंद का केली, तर हा टोन म्हणजे उघडं दार. बाहेरचा कोणीही आमच्या नंबरावर फोन लावून, आमच्या टोनवर, आमच्या खर्चाने कुठेही फोन लावू शकत होता. ताबडतोब दोन दिवसांची कॉल-नोंद काढली. परदेशी काही नव्हतं, हुश्श झालं. पण मंगळवारी सकाळचा एक कॉल सापडला: बाहेरून आत आलेला आणि तिथूनच एका मोबाइलला बाहेर गेलेला, चार मिनिटं. खरेदीतल्या दादांनी नंबर ओळखला. पावसकडचे एक बागायतदार. दराची चौकशी करायला फोन लावला, टोन ऐकू आला, यांची लाइन दिसते असं म्हणून त्यांनी सरळ मुलाचा नंबर फिरवला, शून्यासकट, आणि तो लागला! दादांनी विचारल्यावर म्हणाले, "मला वाटलं तुम्ही नवीन सोय केलीत."

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. येणाऱ्या दिशेला भाषांतराचा नियम: सुरुवातीला २३५२ असेल तर तो गाळ, उरलेले सहा आकडे ठेव, मुळातच सहा आले तर हात लावू नको. आणि येणारा कुठलाही नंबर पकडेल असा एक डायल-पीअर, त्यावर डीआयडी. जाणाऱ्यांच्या डायल-पीअरवर येणारा कॉल चुकूनही पडता कामा नये. आयटीतल्या मुलाचं मत होतं की लाइनवाल्यांनाच पूर्वीसारखे सहा आकडे पाठवायला सांगू. मी नको म्हटलं. पुढच्या वळवात पुन्हा डबा जळेल, पुन्हा दुसरा माणूस येईल, पुन्हा साचा ओतेल. आपण दहाही घेऊ, सहाही घेऊ.

आणि या दोन रोगांचं आपसात साटंलोटं होतं, ते मला बुधवारी संध्याकाळी कळलं. येणारे कॉल बंद म्हणून खरेदीची माणसं प्रत्येक बागायतदाराला उलटा फोन लावत होती. त्याने जाणाऱ्या कॉलची गर्दी वाढली आणि पंधरा चॅनल आणखी लवकर भरले. ताईंच्या तक्रारीला दादांची तक्रार खतपाणी घालत होती.

दोन घड्याळं

राहिलं ते टक्‌ टक्‌. ई-वनवर दोन्ही टोकांनी एकाच ठोक्यावर चालायचं असतं. इथे गेटवे स्वतःच्या आतल्या घड्याळावर, नवा डबा नेटवर्कच्या घड्याळावर. एक जरा पुढे, एक जरा मागे. फरक साचत जातो आणि तो एका फ्रेमइतका, १२५ मायक्रोसेकंद, झाला की गेटवेला एक फ्रेम गाळावी लागते किंवा तीच पुन्हा वाजवावी लागते. ही स्लिप. दहा लाखांत एका ठोक्याचा फरक असेल तर दर १२५ सेकंदांनी एक. आमच्या नोंदीत पंधरा मिनिटांत ७१ सेकंदांवर स्लिप लागलेली होती, म्हणजे फरक दहा लाखांत दहाच्या आसपास, बारा-तेरा सेकंदांनी एक टक्‌. बोलणाऱ्याला खडा लागतो, फॅक्सचं मात्र पानच जातं. जुन्या वहीत स्लिप शून्य होती, म्हणजे जळलेला डबा आमच्याच ठोक्यावर चालत होता. मांडणी उलटी होती, पण दोघांचं जमलेलं होतं.

ही दुरुस्ती सगळे घरी गेल्यावर, रात्री साडेनऊला केली, कारण घड्याळ बदलताना लाइन क्षणभर पडू शकते. कार्डाला नेटवर्कच्या घड्याळात सामील केलं, पहिली पसंती या ई-वनला दिली, घड्याळाचा स्रोत लाइन. मोजणी पुसली आणि मक्सजवळच्या खुर्चीत पंधरा मिनिटं बसलो. बाहेर पल्परचा, म्हणजे आंब्याचा गर काढणाऱ्या यंत्राचा, धडधडाट चालूच होता. स्लिप शून्य. आणखी पंधरा मिनिटं. शून्य.

गुरुवारी सकाळी अकराच्या गर्दीत एकोणीस चॅनल एकाच वेळी भरलेले पाहिले. फॅक्स चार पानी गेला. मॅनेजर साहेबांनी पन्ह्याचा ग्लास हातात दिला आणि मी बॅग आवरायला घेतली. तेवढ्यात देवगडच्या काकांचा फोन, रिसेप्शनवर. ताईंनी स्पीकरवर टाकला. "तुमचो माणूस येलो हा ना? मगे वजनकाट्यार कोण उचलणा कसो नाय?"

वहीतली काट मारलेली ओळ. पीबीएक्सच्या नोंदी काढल्या. वजनकाट्याच्या एक्स्टेन्शनवर सोमवारपासूनचे कॉल व्यवस्थित पोचलेले, रिंग चाळीस-चाळीस सेकंद वाजलेली, आणि सगळ्यांचा शेवट साधा: लावणाऱ्याने कंटाळून ठेवलेला. साखळीत कुठेही काहीही बिघडलेलं नव्हतं.

शेडमध्ये गेलो. पूर्वी फोन काट्याच्या केबिनमध्ये टेबलावर असायचा. तिथे आता नवा प्रिंटर. रविवारी रात्री पत्र्यातून पाणी गळलं म्हणून कोणीतरी फोन काढून मागच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवला होता, त्याच्यापुढे रिकाम्या क्रेटांची माणूसभर उंच थप्पी, आणि दहा फुटांवर पल्पर. मी देवगडला फोन लावायला सांगितलं. फोनवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. कान लावून उभा राहिलो तरी रिंग ऐकू येईना. काट्यावरचे मामा माझ्याकडे बघत होते. "सोमवारपासून एक फोन नाय आला," ते म्हणाले, "मला वाटला लाइन बंद हाय."

क्रेट हलवले, फोन परत केबिनमध्ये नेला आणि इलेक्ट्रिशियनकडून एक फिरता दिवा आणि भोंगा लावून घेतला, रिंग आली की चालू होणारा. पहिला कॉल देवगडचाच होता. भोंगा इतका मोठा वाजला की काट्यावर चढत असलेला टेम्पो ड्रायव्हरने जागीच थांबवला.